माध्यमिक शाळेत नेतृत्व कसं शिकवायचं: गोव्यातल्या नव्या शिक्षकांसाठी वर्षभराची आखणी

जूनमध्ये मुख्याध्यापक बोलावून सांगतात, "यंदा विद्यार्थी परिषद तुमच्याकडे." हातात एक जुनं रजिस्टर आणि बिल्ल्यांचा डबा येतो, शपथविधीची तारीख तर आधीच ठरलेली असते. शपथविधी होतो, फोटो निघतो. मग वर्षभर त्या मुलांच्या वाट्याला येतं ते रांगा सरळ करणं, वर्ग गप्प बसवणं आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणं. यातून मुलं शिस्त पाळायला लावायला शिकतात, नेतृत्व शिकत नाहीत.

नेतृत्व शिकवता येतं, पण त्यासाठी मुलांच्या अंगावर खरं काम टाकावं लागतं. ते चार जणांना सोबत घेऊन त्यांनीच पार पाडायचं आणि झाल्यावर काय चुकलं ते शांतपणे बोलायचं. आठवी-नववीच्या मुलांना हे उत्तम जमतं. दहावीच्या मुलांना यात ओढू नका. त्यांना बोर्डाची परीक्षा असते, शिवाय वर्ष संपताच ती शाळा सोडतात आणि शिकलेलं सगळं सोबत घेऊन जातात.

आधी हे जमवा

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. तीत आठवड्याचा ठरलेला तास आणि जागा नमूद असावी. तोंडी परवानगी पहिल्या घटक चाचणीपर्यंतच टिकते.
- पालकांचं संमतीपत्र. मूल कशात भाग घेणार, शाळेबाहेर जावं लागेल का, फोटो काढले तर ते कुठे लावले जातील, हे तीन मुद्दे त्यात हवेतच.
- पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत पाच मिनिटं. "अभ्यास बुडेल" ही शंका तिथेच येऊ द्या आणि तिथेच उत्तर द्या.
- बैठकीच्या नोंदींसाठी दोनशे पानी जाड वही. सुटे कागद चालणार नाहीत, ते हरवतात.
- सर्वांना दिसेल असं भिंतीवरचं घड्याळ, चार्ट पेपर, मार्कर आणि बुटांचा एक रिकामा खोका (मतपेटीसाठी).
- मूठभर चिंचोके. कशासाठी ते पुढे येईल.

१. काय शिकवायचं ते पाच गोष्टींत ठरवा

"व्यक्तिमत्त्व विकास" असं मोघम नाव दिलं की शेवटी भाषणस्पर्धा उरते. त्यापेक्षा डोळ्यांनी दिसतील अशी पाच कौशल्यं धरा: दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेणं, बैठक चालवणं, काम वाटून देणं, चार लोकांसमोर मुद्द्याचं बोलणं, आणि ठरवलेल्याची जबाबदारी घेणं. या पाचांपैकी भाषणाकडेच सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ते पालकांना स्टेजवर दिसतं. काम वाटून देणं मात्र कुणालाच दिसत नाही, आणि मुलांना सर्वांत जड तेच जातं. तुमचा अर्धा वेळ त्यावर जाईल, आणि तो जायलाच हवा.

२. वेळ ठरवताना आधी बालरथ बघा

उपक्रम बंद पडण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे शाळा सुटल्यानंतर ठेवलेली बैठक. बालरथ (सरकारी योजनेतली शाळेची बस) किंवा कदंब महामंडळाची बस चुकली तर आतल्या वाड्यावरच्या मुलाला दुसरी गाडी सहज मिळत नाही. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत तर नाहीच. मग दोन आठवड्यांत फक्त शाळेजवळ राहणारी मुलं येऊ लागतात आणि परिषद त्यांचीच होऊन बसते.

म्हणून सहशालेय उपक्रमाचा तास मागून घ्या. चाळीस मिनिटांच्या तासातली पाच मिनिटं येण्या-बसण्यात जातात, हाती पस्तीस उरतात. आठवड्यातून एकदा एवढा वेळ पुरतो. मधल्या सुट्टीत बैठक ठेवू नका. मुलं पाव-भाजी सोडून येतात, नाहीतर हातात घेऊन येतात, आणि दोन्ही वेळा लक्ष दुसरीकडेच असतं.

वर्षाचा हिशेब असा मांडा. जूनच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चतुर्थी, दिवाळी, नाताळ आणि परीक्षा वगळल्या की साधारण पंचवीस आठवडे मिळतात. जून ते सप्टेंबर मैदान ओलं असतं, तेव्हा खोलीत बसून शिकण्याच्या गोष्टी आणि शाळेच्या आतली छोटी कामं घ्या. मोठं काम दिवाळीनंतर. डिसेंबरात स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन एकावर एक येतात, त्या महिन्यात नवीन काही सुरू करू नका.

३. निवड: चोवीस मुलं, तीन वाटांनी

आठवी आणि नववीच्या दोन-दोन तुकड्या असतील तर प्रत्येक तुकडीतून सहा, म्हणजे चोवीस मुलं. त्यांच्या सहा-सहांच्या चार टोळ्या करा. तुकड्या कमी असतील तर टोळ्या कमी करा, पण टोळी सहाचीच ठेवा. चारच्या टोळीत एक गैरहजर राहिला की काम अडतं, आणि आठच्या टोळीत दोघं नुसते बसून राहतात.

प्रत्येक तुकडीतल्या सहांपैकी दोघं मतदानाने, दोघं स्वतःहून अर्ज करून आणि दोघं वर्गशिक्षकांनी सुचवून. सुचवताना वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगा: "पहिल्या पाच नंबरांतली नकोत. जी गप्प बसतात पण काम नेटाने करतात ती द्या." हे सांगितलं नाही तर गुणपत्रिका बघून नावं येतात.

मतदान चिठ्ठीवर, गुप्त. प्रत्येकाला दोन मतं, एक मुलीला आणि एक मुलाला. उमेदवाराला बोलायला एकच मिनिट, आणि प्रश्न सगळ्यांना एकच: "एक रुपयाही खर्च न करता शाळेतली कोणती गोष्ट सुधारशील?" या प्रश्नामुळे स्विमिंग पूल आणि सहलीची आश्वासनं आपोआप गळतात. चॉकलेट वाटणं, घरून छापून आणलेली पत्रकं, दोन्ही बंद. मोजणी सर्वांसमोर फळ्यावर करा. मतांचे आकडे मात्र निकालानंतर लगेच पुसून टाका. ज्याला दोनच मतं पडली त्याला त्याच वर्गात वर्षभर बसायचं असतं.

पदांच्या वाटणीवर एक डोळा ठेवा. कुणी काही न ठरवताही मुलगे "कॅप्टन" होतात आणि मुलींकडे "वही लिहिणं" जातं, कारण अक्षर चांगलं म्हणून. हे टाळायला पदं फिरती ठेवा. टोळीप्रमुख दर चार आठवड्यांनी बदलायचा. सहा मुलं गुणिले चार आठवडे म्हणजे चोवीस, वर्षात प्रत्येकाची पाळी बरोबर बसते. शाळेची हेड गर्ल, हेड बॉय ही परंपरा असेल तर ती राहू द्या, तिला हात लावून वाद ओढवून घेऊ नका. काम टोळ्यांकडे असलं म्हणजे झालं.

४. भाषेचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा

गोव्यातल्या शाळेत हा मुद्दा इतर कशाहूनही महत्त्वाचा आहे. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकलेलं मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात येतं. घरी ते कोंकणी बोलतं, भजनात-नाटकात मराठी म्हणतं, आणि प्रार्थनासभेत त्याला इंग्रजीत सूचना द्यावी लागते. मग शाळेला वाटतं, नेतृत्वगुण इंग्रजी चांगलं बोलणाऱ्यांतच आहेत. जे मूल गावच्या जत्रेत पंगतीचं वाढप सांभाळतं, ते प्रार्थनासभेत मान खाली घालून उभं असतं.

नियम सोपा ठेवा. बैठकीत ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत त्याने बोलावं. वही मराठीत, कोंकणीत, इंग्रजीत, कशातही लिहावी, पण कामाच्या तक्त्यातलं नाव आणि तारीख सगळ्यांना वाचता यायला हवी. शाळेसमोरची सूचना दोन भाषांत, दोघांनी मिळून द्यावी. कुणी चुकीचं व्याकरण बोललं तर बैठकीत दुरुस्त करायचं नाही, तुम्हीही नाही. व्याकरण भाषेच्या तासाला.

सभाधीट नसलेल्या मुलांना पायरीपायरीने बोलतं करा. पहिला आठवडा शेजाऱ्याशी एक मिनिट. दुसऱ्या आठवड्यात टोळीसमोर. तिसऱ्यात चोवीस जणांसमोर, पण फक्त टोळीचा निर्णय वाचून दाखवायचा. वाचायला हातात कागद असला की पाय कमी थरथरतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात वर्गासमोर पंचेचाळीस सेकंद. त्यासाठी पहिलं वाक्य लिहून पाठ करायला लावा, बाकीचं नाही. सगळं पाठ केलं की एक शब्द विसरताच मूल पूर्ण थांबतं. पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं की पुढची वाट त्याला सापडते.

५. बैठक चालवायला शिकवा

मुलांनी बैठक कधी पाहिलेलीच नसते. पहिल्या दोन बैठका तुम्ही चालवा आणि चालवताना मोठ्याने सांगत राहा: "आता हा विषय बंद करतेय, कारण पंधरा मिनिटं झाली." तिसरीपासून मुलं.

पस्तीस मिनिटांची वाटणी: पाच मिनिटं मागच्या कामांचा हिशेब, पंधरा मिनिटं आजचा एकच विषय, दहा मिनिटं कामांची वाटणी, शेवटची पाच वाचून दाखवायला. दुसरा विषय निघालाच तर तो वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवायचा.

चार भूमिका द्या. अध्यक्ष, टिपणीस, वेळ बघणारा, आणि चौथी, जी शाळांत सहसा नसते: कोण बोललं नाही ते बघणारा. त्याने दर थोड्या वेळाने म्हणायचं, "अमक्याचं अजून ऐकलं नाही." सुरुवातीला मुलं लाजतात. महिन्याभरात ही भूमिका मागून घेतात.

तरीही दोघं-तिघंच बोलत राहिले तर चिंचोके काढा. प्रत्येकाला तीन. बोललं की एक मध्ये टाकायचा. संपले की इतरांचे संपेपर्यंत ऐकायचं. हा उपाय फक्त दोन-तीन बैठकांपुरता. कायमचा केलात तर मुलं चिंचोके संपवण्यासाठीच बोलू लागतात.

आता वहीकडे या. पहिल्या महिन्यात त्यात अशी ओळ सापडेल: "पाण्याच्या नळापाशी स्वच्छता ठेवायची ठरली." यात कुणी काय करायचं ते नाही, म्हणून ते होणार नाही. तीच ओळ अशी हवी: "नळाखालची जाळी रोज सव्वानऊला साफ करणे. सोमवार ते बुधवार टोळी एक, गुरुवार ते शनिवार टोळी दोन. झाडू व हातमोजे शिपाईमामांकडून मागणे: टोळी एकचा प्रमुख, उद्यापर्यंत. पुढच्या मंगळवारी विचारायचं." प्रत्येक निर्णयापुढे चार रकाने आखा: काम, कोण, कधीपर्यंत, झालं का. "आपण सगळे" हा शब्द "कोण"च्या रकान्यात लिहू द्यायचा नाही. वर्षभरात यापलीकडे काही जमलं नाही तरी एवढं जमवा.

६. पहिलं काम: लहान, तीन आठवड्यांचं, सगळ्यांना दिसणारं

झाडं लावणं, व्यसनमुक्ती फेरी, असल्या मोठ्या गोष्टींनी सुरुवात करू नका. त्यात मुलांना ठरवायला काही उरत नाही आणि यश-अपयश कळत नाही. शाळेतली रोजची अडचण घ्या. जून-जुलैमध्ये गोव्याच्या प्रत्येक शाळेत एक तयारच असते: छत्र्या आणि रेनकोट.

व्हरांड्यात छत्र्यांचा ढीग पडतो, पाणी लादीवर पसरतं, लहान मुलं घसरतात, सुट्टीत काळी छत्री कुणाची यावरून भांडणं होतात. हे काम असं हाताळायला द्या.

पहिला आठवडा फक्त बघायचा. प्रत्येक टोळीने एका मजल्यावर तीन दिवस मोजायचं: छत्र्या किती, रेनकोट किती, पाणी कुठे साचतं, कोणत्या वेळी सर्वांत जास्त गर्दी. मुलं मोजण्याआधीच उपाय सांगू लागतील, त्यांना थोपवा. मोजल्यावर बहुतेकदा कळतं की छत्र्या सांभाळायला सोप्या आहेत, खरं पाणी टांगलेल्या रेनकोटांतून गळतं.

दुसऱ्या आठवड्यात तीन उपाय लिहायचे आणि त्यातला एक एकाच वर्गात करून बघायचा. सगळ्या शाळेत एकदम नाही. इथे काय बिघडतं ते आधीच माहीत असू द्या. छत्र्या बादलीत उभ्या ठेवल्या की तळाला पाणी साचतं, आणि ते शनिवारपासून सोमवारपर्यंत राहिलं तर डासांची सोय होते. म्हणून बादलीच्या तळाला भोकं हवीत, खाली मोरी हवी, किंवा रोज ओतणाऱ्याचं नाव हवं. मार्करने लिहिलेली नावं आठवड्यात धुऊन जातात. दांड्याला रंगीत नाडी बांधून तिच्यावर हजेरी क्रमांक शिवला की टिकतो. दाराशीच सोय केली तर दार अडतं, दोन हात लांब ठेवावी लागते.

तिसऱ्या आठवड्यात सुधारलेला उपाय दुसऱ्या दोन वर्गांत. त्या वर्गांना तो समजावून सांगायचं काम गप्प मुलांकडे द्या. आठवीच्या मुलीने पाचवीच्या वर्गात जाऊन छत्री कशी ठेवायची ते दाखवणं ही भाषणापेक्षा सोपी आणि जास्त उपयोगी तालीम आहे.

पावसाळा ओसरल्यावर सुरुवात करत असाल तर हरवलेल्या वस्तूंची पेटी, नळापाशी रांग किंवा वाचनालयात पुस्तकं परत येण्याचा घोळ, यांतलं काही घ्या. शिपाईमामा, स्वयंपाक पोचवणाऱ्या बचत गटाच्या बायका आणि सफाई करणाऱ्या मावशी यांना मुलांनी आधी जाऊन विचारायला हवं. त्यांच्या कामात परस्पर बदल केला की उपक्रम तिथेच अडतो. आणि मोठ्यांशी अदबीने बोलून काम जमवणं हेही इथेच शिकायचं आहे.

७. काम झालं की पंधरा मिनिटं बसा

हा टप्पा जवळपास सगळीकडे गाळला जातो, वेळ नाही म्हणून. पण शिकणं इथे होतं. गोल करून बसायचं आणि तीनच प्रश्न: काय ठरवलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करू?

तिसऱ्या प्रश्नावर "सगळ्यांनी सहकार्य करायला हवं" असं उत्तर येईल. ते स्वीकारू नका, "म्हणजे कुणी काय करायचं?" असं विचारा. उत्तर "सूचना फक्त प्रार्थनासभेत दिली, ती उशिरा येणाऱ्यांना कळलीच नाही, पुढच्या वेळी वर्गात जाऊन सांगू" इतकं नेमकं येईपर्यंत थांबा.

कुणा एकाचं नाव घेऊन दोष दिला जाऊ लागला तर तिथेच अडवा. "रोहन आला नाही" ऐवजी "गुरुवारची पाळी रिकामी गेली, ते आपल्याला कधी कळलं?" असं वळवा. मूल रडवेलं झालं तर पुढच्या बैठकीला ते येत नाही, आणि बाकीचे चुका लपवायला शिकतात.

८. तुम्ही हळूहळू मागे सरका

१९३९ मध्ये कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतल्या आयोवा इथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही गटांचा मोठा माणूस सगळं हुकमाने चालवायचा, काहींचा मुलांशी बोलून ठरवायचा, आणि काहींचा नुसता बसून राहायचा. हुकमी गटांत तो समोर असताना काम भरपूर होत असे, पण तो खोलीबाहेर गेला की पडत असे. चर्चेने चालणाऱ्या गटांत तो गेल्यावरही काम चालू राहायचं. आणि नुसतं सोडून दिलेल्या गटांत कामच धड होत नसे.

यातला शेवटचा भाग नवे शिक्षक विसरतात. "मुलांनाच करू दे" म्हणून स्टाफरूममध्ये जाऊन बसणं म्हणजे मागे सरकणं नव्हे. क्रम असा ठेवा: जूनमध्ये तुम्ही समोर. जुलै-ऑगस्टमध्ये अध्यक्षाच्या शेजारी, हळूच आठवण करून द्यायला. चतुर्थीनंतर मागच्या बाकावर, विचारलं तरच बोलायचं. दिवाळीनंतर खोलीत, पण वही तपासत. नजरेच्या टप्प्यातून मात्र कधीच बाहेर नाही.

मागच्या बाकावर बसल्यावर सर्वांत अवघड म्हणजे शांत राहणं. मुलं चुकीचा निर्णय घेताहेत हे दिसत असतं. त्यातून कुणाला इजा, अपमान किंवा पैशाचं नुकसान होणार नसेल तर तो घेऊ द्या.

मुलांचा सहभाग खरा आहे की दिखाऊ, हे तपासायला रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी उपयोगी पडते. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेपुरतं उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, या सहभागात धरल्याच जात नाहीत. पाहुण्यांना गुच्छ देणारी परिषद कोणत्या पायरीवर आहे ते तुम्हीच ठरवा.

९. दिवाळीनंतरचं मोठं काम: शाळेबाहेरच्या जगाशी व्यवहार

एकच निवडा. सर्वांत जास्त शिकवून जातो तो सरकारी अर्ज. शाळेसमोरच्या रस्त्यावर झेब्रा पट्टे पुसट झालेत, बसथांब्यावर दिवा नाही, गटार तुंबतं. विषय मुलांनी निवडावा.

आधी पुरावा. पाच दिवस शाळा भरताना अर्धा तास, फाटकाच्या आत उभं राहून, शिक्षक सोबत असताना, गाड्या किती जातात आणि किती मुलं रस्ता ओलांडतात ते मोजायचं. रस्त्यावर उतरून मोजणी नाही.

मग अर्ज कुठे जायचा ते शोधायचं. इथे अर्ध्याहून जास्त अर्ज अडकतात. रस्ता पंचायतीचा आहे की साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा), हे आधी विचारावं लागतं. दिव्याच्या तक्रारीत वीज खातं येतं. शहरात पंचायतीऐवजी नगरपालिका. पंचायत कार्यालयात सचिवांना भेटून "हा रस्ता कुणाकडे येतो?" एवढं विचारायला टोळीतले दोघं शिक्षकासोबत गेले की काम होतं.

अर्ज एक पानाचा. वर तारीख आणि विषय, मग अडचण दोन वाक्यांत, मोजलेले आकडे, नेमकी मागणी एकच, शेवटी मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. मुलांच्या सह्यांची यादी जोडायची असेल तर फक्त नाव आणि इयत्ता, पत्ते-फोन नंबर नकोत. दोन प्रती न्या आणि दुसरीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच नसेल तर पुढचा पाठपुरावा कशाच्या आधारावर करणार? वहीत पंधरा दिवसांनंतरची तारीख टाका आणि त्या दिवशी विचारायला कोण जाणार त्याचं नाव. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक घालून.

काम होईलच असं मुलांना आधी सांगू नका. पट्टे रंगवले गेले नाहीत तरी मोजणं, लिहिणं, कार्यालयात नीट बोलणं आणि चिकाटीने मागे लागणं एवढं पदरात पडतं. आणि अर्जाला राजकीय रंग चढू देऊ नका. पंचायत निवडणूक जवळ आली असेल तर हा विषय पुढे ढकला.

ज्या शाळांना बाहेर जाणं अवघड आहे त्यांनी माटोळीची, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-वेली बांधलेल्या चौकटीची, नोंद घ्यावी. मात्र हे काम चतुर्थीच्या सुट्टीला जोडूनच करावं लागतं. प्रत्येक मुलाने घरच्या किंवा शेजारच्या माटोळीला बांधलेल्या गोष्टी, म्हणजे नारळ, सुपारी, चिबूड, आंबाडे, कवंडळ, रानातल्या वेली, लिहून आणायच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न विचारायचे: हे कुठून आणलं, आणि पूर्वी मिळायचं पण आता मिळत नाही असं काय? चोवीस घरांची माहिती एकत्र करून तक्ता बनवायला चारही टोळ्यांना एकमेकींवर अवलंबून राहावं लागतं. एकीने नावं वेगळी लिहिली, दुसरीने मोजलंच नाही, की तक्ता जुळत नाही. म्हणून नोंदीचा नमुना सुट्टीआधी एकत्र बसून ठरवायला लावा. ज्या घरी चतुर्थी नसते त्या मुलांना शेजाऱ्यांकडे विचारायचं काम द्या. ख्रिस्ती आणि मुस्लिम मुलं यातून बाहेर राहणार नाहीत हे तुम्ही बघायचं.

१०. या चार गोष्टी मुलांच्या हाती द्यायच्या नाहीत

*शिक्षा.* फळ्यावर "बोलणाऱ्यांची नावं" लिहायला मॉनिटरला सांगणं ही सगळीकडची सवय आहे, ती बंद करा. त्यातून मैत्रीचे आणि सुडाचे हिशेब चालतात. शारीरिक शिक्षेला २००३ च्या गोवा बाल कायद्यानुसार शाळांत बंदी आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई आहे. जे शिक्षकाला करता येत नाही ते मुलाकडून करवून घेता येत नाही. उठाबशा, वर्गाबाहेर उभं करणं, दंड गोळा करणं, काहीच नाही.

*पैसे.* रोख रक्कम शिक्षकाकडे. मुलांनी हिशेब लिहावा, बिलं चिकटवावीत, दोघांनी सही करावी. हरवलेल्या पन्नास रुपयांचा संशय चौदा वर्षांच्या मुलाला फार महागात पडतो.

*फोन.* मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवू नका आणि त्यांच्या ग्रुपमध्ये जाऊ नका. निरोप वहीतून किंवा पालकांच्या नंबरवर.

*गंभीर गोष्टी.* नेता झालेल्या मुलाकडे इतर मुलं मन मोकळं करतात. कुणी मारहाण, छळ किंवा लैंगिक त्रास याबद्दल सांगितलं तर ते गुपित ठेवायचं नाही, त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं, हे पहिल्याच बैठकीत शिकवा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांपर्यंत पोचवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. शाळेच्या पातळीवर मिटवता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्याशेजारी कायम लावलेला असू द्या.

११. प्रगती मापा, गुण देऊ नका

पाच कौशल्यांचा तक्ता करा, वर्षातून तीनदा भरा: जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. प्रत्येक कौशल्याच्या चार पायऱ्या वाक्यात लिहा. उदाहरणार्थ काम वाटून देणं: सगळं स्वतःच करते, सांगते पण नंतर विचारत नाही, नाव आणि तारीख ठरवून देते व विचारते, दुसऱ्याला वाटणी कशी करायची ते शिकवते. मुलाने स्वतःची पायरी आधी भरावी, मग तुम्ही. दोन्हीत फरक पडला तर पाच मिनिटं बोला. हुशार मुलं "सगळं स्वतःच करते" या पायरीवर वर्षभर अडकतात, त्यांना तिथून हलवणं हे तुमचं सर्वांत कष्टाचं काम असेल.

तक्ता सूचनाफलकावर लावायचा नाही.

१२. फेब्रुवारीत हस्तांतर

मार्चमध्ये परीक्षा, त्यामुळे फेब्रुवारीचे शेवटचे दोन आठवडे राखून ठेवा. नववीची मुलं दहावीत जाणार, त्यांची जागा आठवीची घेणार. प्रत्येक टोळीने चार पानांची फाइल द्यायची: कोणती कामं केली, कुणाला भेटावं लागलं, काय फसलं, काय अर्धवट राहिलं. अर्जांच्या पोच या फाइलमध्येच. सजावट, झगमगीत मुखपृष्ठ नको, त्यात आठवडा जातो.

मग एक बैठक जुन्या मुलांनी चालवायची आणि पुढची नव्यांनी, जुने मागच्या बाकावर बसून. जुने मध्येच बोलू लागतील. त्यांना खुणेने थांबवा आणि जे सांगायचं ते कागदावर लिहून बैठकीनंतर द्यायला सांगा. वही आणि फाइल दोन्ही कपाटात ठेवताना वर्ष लिहा आणि कोणत्या कपाटात ठेवली ते मुख्याध्यापकांना सांगा. तुमची बदली झाली तर जूनमध्ये येणाऱ्या नव्या शिक्षकाला ती विचारल्याशिवाय मिळायला हवी.